‘करण्यात यावे’ : सभा, इतिवृत्त आणि हरवलेला कर्ता

आयुष्यातली अठ्ठावीस वर्षे मी इतरांचे बोलणे लिहून घेण्यात घालवली. कोकणपट्ट्यातल्या एका औद्योगिक वसाहतीत, एका रसायन कारखान्याच्या कार्मिक विभागात मी कारकून म्हणून लागलो. अक्षर बरे आणि मराठी शुद्ध, एवढ्या भांडवलावर बैठकांचे इतिवृत्त लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. पुढे पदे बदलली, पण वही सुटली नाही. वर्क्स कमिटी, कँटीन समिती, सुरक्षा समिती, महिन्याचा उत्पादन आढावा अशा सगळ्या बैठकांत टेबलाच्या कोपऱ्यावरची खुर्ची माझी. निवृत्तीनंतर वाटले, सुटलो. तर राहत्या सोसायटीने पहिल्याच वार्षिक सभेत सर्वानुमते वही माझ्या हातात ठेवली.

एवढ्या वर्षांत मी किती वाक्ये लिहिली असतील याचा हिशेब नाही. त्यातली तीन मात्र पाठ आहेत. सुरक्षा समितीच्या तीन लागोपाठच्या तिमाही बैठकांतली ती वाक्ये अशी :

‘पंप क्र. 3 च्या कपलिंगवरील गार्ड तातडीने बसविण्यात यावा.’

‘पंप क्र. 3 : कार्यवाही सुरू आहे.’

‘पंप क्र. 3 : कार्यवाही सुरू आहे. पाठपुरावा करण्यात यावा.’

चौथी बैठक व्हायच्या आत एका रात्रपाळीला पंपाजवळ सांडलेले तेल पुसताना एका हेल्परच्या हातातले कापड फिरत्या कपलिंगमध्ये ओढले गेले. कापडाबरोबर हात गेला. उजव्या हाताची दोन बोटे गेली. पोरगा तेवीस-चोवीस वर्षांचा होता.

चौकशीला आलेल्या फॅक्टरी इन्स्पेक्टरांनी इतिवृत्ताची वही मागितली. सुरक्षा समितीची वही मागेल तेव्हा दाखवावी लागते, हे मला ठाऊक होते; आणि वही कोरी नाही, विषय वेळच्या वेळी नोंदलेला आहे, याचे मला थोडे समाधानही होते, हे आज कबूल करतो. त्यांनी नऊ महिन्यांची पाने उलटी चाळली आणि शांतपणे विचारले, ‘‘हा गार्ड बसवणार कोण होतं?’’

मी वहीत पाहिले. माझ्याच अक्षरातल्या तिन्ही वाक्यांत कोणीच नव्हते.

कर्ता कुठे गेला?

‘करण्यात यावे’ हा आपल्या कार्यालयीन मराठीचा कणा आहे. ‘निदर्शनास आणून देण्यात आले’, ‘सखोल चर्चा करण्यात आली’, ‘योग्य ती कार्यवाही करण्यात यावी’. या रचनेची सोय अशी की क्रिया उरते, करणारा गळतो. मराठीला कर्ता सांगता येत नाही असे मुळीच नाही. ‘अमुक यांच्याकडून’ एवढे जोडले की काम भागते. पण लिहिणारा ते जोडत नाही, कारण बैठकीत ते कोणी बोललेलेच नसते. मी भाषेवर खापर फोडत नाही. बैठकीतली एक पोकळी ही भाषा सभ्यपणे झाकते, एवढेच म्हणतो.

अपघातानंतर मी माझ्यापुरती चौकशी केली. मेंटेनन्सचे म्हणणे, मूळ गार्ड हरवला होता, नवा स्टोअरने मागवायचा. स्टोअरचे म्हणणे, इंडेंट आल्याशिवाय आम्ही काय मागवणार? उत्पादन विभागाचे म्हणणे, पंप बंद ठेवायला आमच्याकडे कोणी वेळच मागितला नाही. सेफ्टी ऑफिसरचे म्हणणे, मी तीन वेळा निदर्शनास आणले. यातला एकही माणूस खोटे बोलत नव्हता, आणि हीच गोष्ट मला सर्वांत भयंकर वाटली. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी आमच्याच वर्कशॉपने पत्रा कापून, वाकवून, जेवणाच्या सुट्टीच्या आत तो गार्ड बसवला. दोन तासांचे काम होते.

‘कोणीतरी करेल’ हा समज किती खोल असतो, याचा प्रयोग जॉन डार्ली आणि बिब लाताने या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1968 मध्ये प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या खोल्यांत बसवलेले विद्यार्थी इंटरकॉमवरून बोलत असताना एकाला अचानक झटका आल्याचा आवाज येतो. ऐकणारे आपण एकटेच, असे ज्यांना वाटत होते, त्यांपैकी 85 टक्के आवाज चालू असतानाच मदतीला उठले. आणखी चौघे ऐकत आहेत असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यात हे प्रमाण 31 टक्क्यांवर आले. माणसे निष्ठुर नव्हती; जबाबदारी वाटली गेली होती. आमच्या सुरक्षा समितीत बारा जण होते.

निशाणी नांगर

निवृत्तीनंतर मराठ्यांच्या काळातले कागद वाचण्याचा नाद लागला, आणि तिथे मला माझ्याच धंद्याचे पूर्वज भेटले. गावात वतनाचा किंवा हद्दीचा तंटा उभा राही, तेव्हा गोतसभा बसे आणि निर्णयाचा कागद होई, तो महजर. त्यात हाजीर मजालस म्हणजे उपस्थितांची यादी असे. आपल्या आजच्या इतिवृत्तातही पहिली नोंद तीच. पुढे मात्र फरक पडतो. निवाड्याआधी दोन्ही पक्षांकडून राजीनामा घेत. आज आपण या शब्दाने नोकरी सोडतो. तेव्हा त्याचा अर्थ होता, ‘सभा जो निर्णय देईल तो पाळायला मी राजी आहे’ असे लिहून देणे. त्यासाठी जामीन घेतला जाई. निवाडा झाल्यावर हरणाऱ्याकडून येजितखत घेत, म्हणजे हार मान्य असल्याचा त्याच्याच नावाचा कागद. आणि महजरावर ज्याची त्याची निशाणी असे. पाटलाची नांगर, तशी बलुतेदारांची आपापल्या कामाची हत्यारे.

त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा हेतू नाही. जातीची उतरंड त्या मजालसीतही बसलेली असे, आणि निर्णय न्याय्यच असत असे कोणी म्हणणार नाही. पण एक गोष्ट त्या लोकांना पक्की कळली होती. निर्णय म्हणजे नुसते वाक्य नव्हे. तो कोणाला पाळायचा आहे, तो राजी आहे का, आणि त्याने न पाळल्यास कोणाला धरायचे, हे कागदावर आल्याशिवाय सभा पुरी होत नाही.

सभेची आजची रीत आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात, इंग्रजी संसदेच्या वळणावर आली. 1870 साली पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली, तेव्हा सभासद होण्यासाठी किमान पन्नास जणांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणण्याचा नियम होता. कोण कोणाच्या वतीने बोलतो आहे, हा प्रश्न त्या मंडळींनी आधीच सोडवला होता. तिकडे अमेरिकेत हेन्री रॉबर्ट या लष्करी अभियंत्यावर 1863 मध्ये न्यू बेडफर्ड येथे एका सभेचे अध्यक्षपद अचानक आले; सभेचा गोंधळ आवरता आला नाही म्हणून तो नियमांच्या अभ्यासाला लागला आणि 1876 मध्ये त्याचे सभानियमांचे प्रसिद्ध पुस्तक निघाले. एका वेळी एक विषय, एका वेळी एक वक्ता, ठराव, अनुमोदन, मतदान हे सगळे शिस्तीचे आणि आवश्यक आहे. पण आपल्याकडे या रीतीत सूचक आणि अनुमोदक यांची नावे नोंदण्याची प्रथा आहे. करणाऱ्याचे नाव नोंदण्याची नाही. ठराव मांडला कोणी हे शंभर वर्षांनीही सांगता येते. पार पाडला कोणी, हे पुढच्या महिन्यातही सांगता येत नाही.

बैठकीआधी

बैठकीचे यश निम्मे विषयपत्रिकेत ठरते, हे मला उशिरा कळले. आमच्या विषयपत्रिकेत ‘सुरक्षाविषयक बाबी’ असा विषय असायचा. त्यावर काय तयारी करून यायची? अँटनी जे हे ‘येस मिनिस्टर’ या मालिकेचे एक लेखक. त्यांचा 1976 मधला बैठकांवरचा एक लेख व्यवस्थापनाच्या जगात आजही वाचला जातो. त्यांची एक साधी सूचना मी पुढे उचलली. प्रत्येक विषयापुढे तो माहितीसाठी आहे, चर्चेसाठी आहे की निर्णयासाठी, हे लिहायचे. त्यात मी माझी एक भर घातली. निर्णयाचा विषय प्रश्न म्हणून लिहायचा. ‘पंप क्र. 3’ असे नव्हे, तर ‘पंप क्र. 3 चा गार्ड वर्कशॉपमध्ये करायचा की विकत आणायचा, आणि त्यासाठी पंप कधी बंद ठेवायचा?’ असा. प्रश्न असा विचारला की कोणाला बोलवायला हवे, हेही आपोआप कळते. आमच्या त्या तिन्ही बैठकांना स्टोअरचा माणूस नव्हता. त्याला बोलवण्याचे कोणाला सुचलेच नव्हते.

दुसरी गोष्ट विषयांच्या क्रमाची. ज्या बैठकीत गार्डचा विषय पहिल्यांदा आला, तिथे त्याला दोन-तीन मिनिटे मिळाली असतील. त्याआधी कँटीनचा चहा पातळ का, यावर अर्धा तास गेला होता. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी 1957 च्या आपल्या पुस्तकात हीच गंमत वर्णिली आहे. समिती कोट्यवधींची अणुभट्टी मिनिटांत मंजूर करते, सायकलींच्या शेडवर खूप वेळ घालवते आणि चहापानाच्या खर्चावर त्याहून जास्त. अणुभट्टी कोणाला कळत नाही. चहा सगळ्यांना कळतो. म्हणून अवघड विषय आधी, डोकी ताजी असताना घ्यावा आणि चहाचा विषय शेवटी. तेव्हा सगळ्यांना बस पकडायची घाई असते, त्यामुळे तोही लवकर सुटतो.

तिसरी गोष्ट ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय’. मराठी सभेचा हा सर्वांत लाडका आणि सर्वांत धोकादायक विषय. आपत्तीसाठी ठेवलेली ही खिडकी सोसायटीपासून साहित्य संस्थेपर्यंत सर्वत्र मागचा दरवाजा झालेली आहे. तयारी नसलेल्या लोकांकडून निर्णय काढून घ्यायचा, तर याहून सोपी वाट नाही. ऐनवेळी आलेला विषय ऐकून घ्यावा, नोंदवावा. पण जिवाला धोका असल्याशिवाय त्यावर निर्णय घेऊ नये.

बैठकीत

दुसऱ्या महायुद्धात, 1944 साली, अमेरिकेच्या ओएसएस या गुप्तहेर संघटनेने शत्रूच्या प्रदेशातल्या सामान्य नागरिकांसाठी घातपाताची एक छोटी पुस्तिका काढली होती. यंत्रे कशी बिघडवावीत हे त्यात आहेच. कार्यालये कशी बिघडवावीत हेही आहे. सर्व विषय समितीकडे पाठवा, समिती शक्य तितकी मोठी ठेवा, अवांतर मुद्दे वारंवार काढा, शब्दांच्या नेमकेपणावर घासाघीस करा, मागच्या बैठकीत ठरलेले पुन्हा उकरा, आणि महत्त्वाचे काम तुंबलेले असताना बैठक घ्या, असा त्यातल्या सूचनांचा आशय. ही यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा हसू आले आणि मग ओशाळलो. शत्रूला पंगू करण्यासाठी जे शिकवावे लागले, ते आम्ही पगार घेऊन करत होतो.

बैठकीत मी जे शिकलो ते थोडक्यात असे. सर्वांत मोठ्या साहेबाने शेवटी बोलावे. तो आधी बोलला की उरलेली बैठक होकाराची होते. कामगार प्रतिनिधीला यंत्राबद्दल आधी विचारावे, कारण यंत्राजवळ तो असतो. आणि प्रत्येक विषय संपताना अध्यक्षांनी निर्णय मोठ्याने सांगावा, म्हणजे लिहिणाऱ्याला अर्थ लावावा लागत नाही. ‘सखोल चर्चा झाली’ हे वाक्य मी बहुतेक वेळा तेव्हाच लिहिले आहे, जेव्हा काय ठरले ते मला कळलेले नसायचे.

बैठकीनंतर

सुरक्षा समितीचा कायदा ज्या घटनेतून आला, ती आठवावी. 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधल्या रात्री भोपाळमध्ये विषारी वायू सुटला. त्याआधी, 1982 मध्ये, मूळ कंपनीच्या अमेरिकेतून आलेल्या पथकाने कारखान्याची तपासणी करून गंभीर उणिवांचा अहवाल दिलेला होता. आणि त्या रात्री टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती, वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी तोडून ठेवलेला होता. धोका कागदावर लिहिलेला असणे आणि तो दूर झालेला असणे, यांत केवढे अंतर असू शकते, याचे याहून मोठे उदाहरण आपल्या देशात नाही. त्यानंतर 1987 मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्त्या झाल्या. कलम 41-जी नुसार धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांत कामगार आणि व्यवस्थापन यांचे समसमान प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती आली. म्हणजे मी ज्या वहीत ‘कार्यवाही सुरू आहे’ लिहीत होतो, ती वही हजारो मृतांच्या नावाने उघडलेली होती. मला हे त्या वेळी माहीत नव्हते असे नाही. सुचले नव्हते.

अपघातानंतरच्या बैठकीपासून मी वहीचा नमुना बदलला. प्रत्येक निर्णयाखाली चार रकाने : काय, कोण, कधीपर्यंत, आणि अडल्यास कोणाकडे जायचे. यात शोध काही नाही. कंपन्यांच्या संचालक मंडळाच्या बैठकांतही मागच्या निर्णयांवर काय झाले त्याचा अहवाल पुढच्या बैठकीपुढे ठेवण्याची पद्धत आहे. पण आमच्या टेबलावर त्या दुसऱ्या रकान्याने वादळ उठवले. मेंटेनन्सचे प्रमुख म्हणाले, ‘‘माझं नाव कशाला घालता? मेंटेनन्स विभाग लिहा ना.’’

मी म्हणालो, ‘‘साहेब, विभाग रात्री फोन उचलत नाही.’’

ते रागावले, पण नाव राहिले.

सुरुवातीला या रकान्यांनी नुकसानही केले, तेही सांगायला हवे. नाव लिहिले जाते म्हटल्यावर माणसे विषय काढेनाशी झाली, कारण जो बोलेल त्याच्याच गळ्यात काम पडे. एका कामगार प्रतिनिधीने मला बाहेर गाठून स्पष्ट सांगितले, ‘‘साहेब, तुमची वही आता पोलीस ठाण्यासारखी झालीय. माणूस तक्रार द्यायला घाबरतो.’’ त्याचे बरोबर होते. मी नाव लिहीत होतो, पण राजीनामा घेत नव्हतो, जुन्या अर्थाने. तेव्हापासून विषय काढणारा आणि काम करणारा वेगळे धरले. ज्याचे नाव लिहायचे त्याला बैठकीतच विचारायचे, ‘‘जमेल का? काय लागेल? कोणत्या दिवशी सुरू कराल?’’ तो नाही म्हणाला तर ‘नाही’ लिहायचे आणि अध्यक्षांनी त्याच वेळी वाट काढायची. बैठकीत आलेला नकार हा तीन महिन्यांनी येणाऱ्या ‘कार्यवाही सुरू आहे’पेक्षा कितीतरी प्रामाणिक असतो.

‘कोणत्या दिवशी’ या प्रश्नाला नुसत्या शिस्तीपलीकडे आधार आहे, हे नंतर वाचले. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर आणि त्यांच्या सहकारी यांनी 1997 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत एक छोटा वृत्तान्त लिहून पाठवायला सांगितले होते. तो केव्हा आणि कुठे बसून लिहिणार, हे ज्यांच्याकडून आधी ठरवून घेतले होते, त्यांनी तो वेळेत लिहिण्याचे प्रमाण इतरांच्या दुपटीहून जास्त निघाले. इच्छा दोघांचीही होती. एकाने तिला जागा आणि वेळ दिली होती.

बाकी नियम छोटे आहेत. इतिवृत्त दोन दिवसांत द्यावे. पंधरा दिवसांनी दिले तर तो इतिहास होतो. बैठकीच्या मध्यावर, म्हणजे दोन बैठकांमधल्या निम्म्या वाटेवर, नाव असलेल्या माणसाला एकदा विचारावे. तक्रारीच्या सुरात नव्हे, ‘काही अडलंय का?’ एवढेच. पुढच्या बैठकीत ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ हा विषय घाईने उरकू नये. आपण तिथे इतिवृत्त कायम करतो, पण काम झाले का हे विचारत नाही. आणि ‘कार्यवाही सुरू आहे’ हे वाक्य वहीत येऊ देऊ नये. झाले, झाले नाही, किंवा अमुक कारणाने अमुक तारखेपर्यंत होईल, या तिन्हीपैकी एकच उत्तर घ्यावे.

चार रकान्यांनी आमचा कारखाना आदर्श झाला नाही. मोठ्या खर्चाचे विषय वरच्या मजल्यावर अडायचे ते अडतच राहिले. तिथे लिहायला माझ्याकडे नाव होते, अधिकार नव्हता. पण कोण अडवतो आहे हे निदान दिसू लागले, आणि पुष्कळदा माणसे तेवढ्यानेच हलली.

तो मुलगा पुढे कारखान्यातच राहिला. त्याला स्टोअरमध्ये बसते काम मिळाले. डाव्या हाताने लिहायला शिकला आणि हळूहळू अक्षरही चांगले वळले. काही वर्षांनी कामगारांनी त्याला सुरक्षा समितीवर प्रतिनिधी म्हणून निवडून दिले. पहिल्या बैठकीला तो माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला. मी लिहीत असताना त्याचे लक्ष वहीकडे होते. एका विषयानंतर पेन थांबले तसा तो वाकून हळूच म्हणाला, ‘‘साहेब, दुसरा रकाना राहिला.’’

खरेच राहिला होता. मी अध्यक्षांकडे पाहिले, विषय पुन्हा उघडला, आणि नाव विचारून लिहिले.